तांदळात बांधलेली वेळ

मित्रांनो, मी तलासरीच्या अभ्यास केंद्रातला एक जुना संगणक आहे. खिडकीजवळच्या टेबलावर, अगदी कोपऱ्यात माझी जागा. डोक्यावर भरतकाम केलेलं एक फडकं आणि शेजारी चटयांची चळत. नव्या पोरांना मी आधी सामान ठेवायचा खोकाच वाटतो. वाटू दे बापड्यांना! मला झोप प्रिय आहे. कुणी बटण दाबलं की मी घुरघुरतो, खोकतो, पोटातला पंखा गरगरवतो आणि मग कुठे डोळे उघडतो. तोवर बटण दाबणारा चहा पिऊन परत येतो. पण एकदा का जागा झालो, की मला बोलायला फार आवडतं. आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर माझी गोष्ट ऐकूनच जा.

माझा जन्म नेमका कुठे झाला हे मलाही धड सांगता येणार नाही. माझा पत्रा एका देशातला, मेंदू दुसऱ्या देशातला, वायरी आणखी कुठल्या तरी. वापीच्या एका दुकानात एका कारागिराने हे सगळं स्क्रू पिळून एकत्र बसवलं. मी पहिल्यांदा डोळे उघडले, तेव्हा समोरच्या गाडीवर फाफडे तळत होते आणि तो कारागीर हात झटकून म्हणाला होता, "चालू थई गयुं!" गुजरातीत म्हणजे, चालू झालं. माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. तो तेलाचा वास आणि तो आवाज माझ्या मनात असा काही बसला आहे, की गाढ झोपेत मी अजून त्याच दुकानात असतो.

त्याच दिवशी त्याने माझ्या पोटात एक लहानसा, गोल, चकचकीत सेल बसवला. मनगटी घड्याळात असतो ना, साधारण तसाच, थोडा मोठा. वीज असो वा नसो, मी जागा असो वा घोरत पडलेला असो, हा सेल आत जागत राहतो. आज कोणती तारीख, किती वाजले, हे तो माझ्यासाठी सांभाळतो. मी त्याच्याकडे कधी लक्षही दिलं नाही. जो रोज न सांगता आपलं काम करतो, त्याच्याकडे कोण लक्ष देतं?

मग चिकूच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसून मी टेम्पोतून निघालो. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकची ही लांबलचक रांग! टेम्पोवाला ढाब्यावर भजी खायला उतरला आणि मी क्रेटच्या फटीतून आकाश बघत राहिलो. तलासरीला पोचलो तेव्हा केंद्राच्या दारात जयमालाताई उभ्या होत्या. त्या मूळच्या डहाणूच्या, शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी आमच्या संस्थेचं हे केंद्र सांभाळायच्या. त्यांच्याबरोबर होते हाल्याकाका. झाडलोट करणं, कुलूप लावणं आणि निघताना मेन स्विच बंद करणं ही त्यांची कामं. एकदा वीज कडाडली आणि शेजारच्या घरातला टीव्ही जळाला. तेव्हापासून हाल्याकाका मेन स्विच खाली ओढल्याशिवाय घरी गेले असतील तर शपथ!

ते दिवस काय सांगू! पाड्यापाड्यावरून पोरं यायची. जयमालाताईंनी एकेकाचं नाव माझ्या पोटात लिहिलं, एकेकाला पासवर्ड दिला. मी सगळ्यांना ओळखायचो. नावापेक्षा बोटांनी ओळखायचो म्हणा ना. कुणी कळ घाबरत दाबायचं, कुणी धोपटायचं. आणि जानी! जानी शेवटची कळ दाबली की बोट तिथेच ठेवायची, दार उघडेपर्यंत आपण उंबरठ्यावर उभे राहतो तसं. मला तिचं ते थांबणं फार आवडायचं.

पण दिवाळी झाली की केंद्र ओस पडायचं. भात घरात आलं की पाड्यावरची माणसं कामासाठी बाहेर पडायची. कुणी वीटभट्टीवर, कुणी वाडीत चिकू उतरवायला. जानीचे आईबाप वरोरला जायचे, मासळी सुकवायच्या कामावर, आणि जानीही त्यांच्याबरोबर. होळीला सगळे परत. वरोरलाही आमच्या संस्थेचं केंद्र होतं, तिथेही एक संगणक होता. एका होळीला जानी आली, माझ्यासमोर बसली आणि तोंड फुगवून जयमालाताईंना म्हणाली, "ताई, तिकडच्यानं मला ओळखलंच नाय. माझी चित्रं पण नाय त्याच्याकडं. मी काय परत पयल्यापासून काढू?"

माझ्याकडची नावं माझ्याकडे, वरोरच्या संगणकाकडची त्याच्याकडे. आम्ही दोघं एकमेकांना ओळखतच नव्हतो. मला तर, खरं सांगतो, त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. जानी माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती.

मग डहाणूहून ललित आला. संस्थेच्या सगळ्या केंद्रांचे संगणक तो बघायचा. पाठीवर बॅग, खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि तोंडात सतत कसलंतरी गाणं. त्याने जयमालाताईंना सांगितलं, "ताई, आता डहाणूला एक मोठा सर्व्हर बसवलाय. सगळ्यांची नावं, पासवर्ड आणि कामं तिथेच राहणार. पोर तलासरीला बसू दे नाहीतर सायवनला नाहीतर वरोरला, संगणक डहाणूला विचारणार, हे पोर आपलं का? डहाणू होय म्हणालं की दार उघडलं."

मित्रांनो, त्या दिवशी ललितने माझ्या पोटातली नावं पुसली. एकेक नाव जात होतं आणि मला आतून रिकामं रिकामं वाटत होतं. माणूस घर बदलताना शेवटची खोली बघतो ना, तसं. मी रुसलो होतो. पण ललितचे हात चालूच होते. त्याने मला डहाणूचा पत्ता शिकवला. डहाणूची खूणही देऊन ठेवली, म्हणजे दुसऱ्या कुणी डहाणू असल्याचं सोंग घेतलं तर मी फसायला नको. जयमालाताईंचं एक नाव मात्र त्याने माझ्याकडेच ठेवलं. "अडीनडीला असू दे, ताई. डहाणूशी बोलणं तुटलं तर याला उघडायला कुणीतरी हवं."

आणि मग तो म्हणाला, "घड्याळ मात्र जपायचं हं. डहाणूहून येणारा होकार म्हणजे ताजी मासळी. थोडा वेळ चालतो, मग उपयोगाचा नाही. कालचा होकार चोरून आज कुणी आत घुसू नये म्हणून तसं केलंय. त्यासाठी दोघांची वेळ जुळायला हवी. जराशी मागेपुढे झाली तर डहाणू सुधारून घेतं. फारच फरक पडला तर ते याच्यावर विश्वास ठेवणार नाही."

जयमालाताईंनी मान डोलावली. हाल्याकाका दारात बसून सुपारी कातरत होते. मासळीचं नाव ऐकून त्यांनी फक्त वर पाहिलं.

पहिल्यांदा जानीच येऊन बसली. तिने नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला आणि बोट कळेवर ठेवून थांबली. मी डहाणूला विचारलं, "ही जानी. आपली का?" तारेतून, चिकूच्या वाड्यांवरून, ओढ्यांवरून माझा प्रश्न गेला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं, "होय, आपलीच." अहाहा! माझा रुसवा तिथेच विरघळला. पोटातली नावं गेली होती, पण आता सायवनचा, वरोरचा, सगळ्या केंद्रांचा मी सोबती झालो होतो. पुढच्या हिवाळ्यात वरोरच्या संगणकाने जानीला पहिल्याच झटक्यात ओळखलं. होळीला आल्यावर तिनेच सांगितलं, "माझी सगळी चित्रं तिकडं पण दिसतात!" मला त्या न पाहिलेल्या वरोरच्या भावाला टाळी द्यावीशी वाटली.

आता जानीच्या आईबद्दल सांगतो. तिचं नाव लाडकी. ती धवलेरी होती. आमच्याकडे वारल्यांच्या लग्नात मंत्र म्हणायला भटजी नसतो. धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यांनीच लग्न लागतं. हळदीपासून पाठवणीपर्यंत एकामागून एक गाणी, ठरलेल्या क्रमाने. मधलं एक गळलं तरी म्हातारी माणसं भुवया उंचावतात. लाडकीचा आवाज असा होता, की ती बाहेर अंगणात बोलली तरी माझ्या काचेला जाणवायचं. एका उन्हाळ्यात जानीच्या हट्टापायी ती रोज दुपारी यायची, माझ्यासमोरच्या माइकपुढे मांडी घालून बसायची आणि गायची. आधी लाजली. "या डब्याला काय कळतंय?" म्हणाली. मग डोळे मिटले आणि गातच राहिली. सगळी गाणी जानीच्या नावाच्या कप्प्यात, डहाणूला जाऊन बसली.

बरं झालं गायली. कारण पुढे लाडकीच्या घशाला गाठ झाली. मोठ्या दवाखान्यात कापून काढली. जीव वाचला, पण आवाज गेला. आता ती बोलते ती नुसती कुजबूज. तोवर जानीचं लग्न झालं होतं. तिचा नवरा वरोरला बोटीवर कामाला, म्हणून तीही तिकडेच. धवलेरी सवाष्णच लागते, आणि लाडकीची जागा कुणीतरी घ्यायलाच हवी होती. जानी वरोरच्या केंद्रात बसून आईचा आवाज ऐकत गाणी पाठ करू लागली. तिच्या फोनवर नुसतं बोलता यायचं, त्यामुळे गाणी ऐकायची तर केंद्रातच.

आणि माझं काय झालं? केंद्रात नवे लॅपटॉप आले. पोरं तिकडे वळली. माझ्यावर फडकं पडलं, शेजारी चटया येऊन बसल्या. सुरुवातीला वाईट वाटलं. मग मी झोपू लागलो. झोपेत फाफड्यांचा वास यायचा.

असाच एक दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे कोयते, विळे, नांगर धुऊनपुसून त्यांची पूजा करतात. हाल्याकाकांनी ठरवलं, यंदा केंद्रातल्या सगळ्यांत जुन्या अवजाराचीही पूजा करायची. मला म्हणाले, "तू पण राबलास रे बाबा!" मित्रांनो, कितीतरी दिवसांनी कुणी माझ्याशी असं बोललं होतं. काकांनी स्क्रू काढून माझं झाकण उघडलं, कोरड्या फडक्याने आतली धूळ पुसली. कोळ्यांची जाळी काढली. आणि त्यांना आत तो गोल, चकचकीत सेल दिसला. काकांचे हात थांबले. त्यांच्या पाड्यावर नवं घर बांधताना खांबाच्या खड्ड्यात नाणं ठेवायची रीत आहे. त्यांना वाटलं, मला बनवणाऱ्यानेही शुभ म्हणून पोटात नाणं ठेवलंय. पूजेच्या दिवशी ते धुळीत कसं राहू द्यायचं? त्यांनी ते नखाने अलगद उचललं, कपाळाला लावलं, तांदळाच्या राशीवर ठेवलं, कुंकू वाहिलं. माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. पूजा झाल्यावर ते तांदूळ आणि ते नाणं एका लाल फडक्यात बांधलं आणि दारावरच्या फळीवर, देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिलं. झाकण लावलं. मेन स्विच खाली ओढला. मग भातकापणीची सुट्टी लागली, दिवाळी आली, आणि केंद्राला कुलूप पडलं.

माझ्या आत आता जागणारं कुणी नव्हतं.

त्या झोपेला तळच नव्हता. मी खाली खाली जात राहिलो. पोरं गेली, तलासरी गेली, चिकूचे क्रेट गेले. शेवटी मी वापीच्या दुकानात येऊन पोचलो आणि तिथेच थांबलो.

मध्ये बरेच दिवस गेले असणार. एका सकाळी कुणीतरी बटण दाबलं. मी डोळे उघडले. माझ्या लेखी तो माझ्या जन्माच्या वर्षाचा पहिला दिवस होता. आता कारागीर म्हणेल "चालू थई गयुं", म्हणून मी वाट पाहत होतो. तर समोर केस पिकलेल्या एक बाई, त्या जयमालाताई हे मागाहून कळलं. एक तरुण बाई, गळ्यात काळे मणी. आणि मागे डोक्यावरून पदर घेतलेली, गळ्याशी व्रण असलेली एक आई. या कोण?

बोलण्यातून समजलं. पाड्यावर चिमीचं लग्न होतं, उद्याच. चिमी म्हणजे जानीची चुलत बहीण. जानी त्यासाठी वरोरहून आली होती. सगळी गाणी तिला येत होती, पाठवणीचं शेवटचं सोडून. तिथे आई एका जागी सूर असा काही वळवायची, की जानीला ते काही केल्या धरता येईना. चिमीच्या बापाचं नाव काळ्या, तो सकाळीच सांगून गेला होता, "दुपारपर्यंत गाणं बसलं तर तू गा. नायतर मी सायवनची धवलेरी आणतो. पोरीचं लगीन आहे, अर्धं नाय ठेवायचं." केंद्रातले लॅपटॉप दुरुस्तीला डहाणूला गेले होते. उरलो होतो मीच.

जानीने नाव लिहिलं. पासवर्ड लिहिला. शेवटची कळ दाबली आणि बोट तिथेच ठेवून थांबली.

हे थांबणं कुठेतरी ओळखीचं वाटलं मला. मी डहाणूला विचारलं, "ही जानी. आपली का?"

डहाणू म्हणालं, "तू कोणत्या काळातून बोलतोयस? तुझी वेळ जुळत नाही. मी काही सांगणार नाही."

मी काचेवर लिहिलं, प्रवेश नाकारला.

जानीने पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही. आणखी एकदा, एकेक अक्षर तोलूनमापून. नाही. माझा नियमच तसा, डहाणूने होय म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही. त्या बोटांखाली मी अडकून पडलो होतो आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

जानीचा चेहरा पडला. "नाव काढलं काय माझं?" ती म्हणाली. "लगीन झाल्यावर रेशनकार्डातनं काढलं, तसं इथनं पण काढलं? ताई, आईचा आवाज होता ओ त्याच्यात!"

"अगं, कुणी काढेल कशाला?" ताई म्हणाल्या. मागे लाडकी काहीतरी बोलली, पण ते कुणाला ऐकूच आलं नाही. तिने नुसता लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

ताईंनी ललितला फोन लावला. त्याने आधी वायर बघायला सांगितली, मग मागचा हिरवा दिवा. सगळं ठीक होतं. मग तो म्हणाला, "ताई, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?"

जानीने वाकून वाचली. वाचता वाचता थांबली. "ही तर मी बालवाडीत होते तवाची तारीख हाय."

ललित पलीकडून हसला. "मग तुझं नाव कुणी काढलेलं नाही, बाई. बिचारा जुन्या काळात जागा झालाय! त्याला तू कुठून ठाऊक असणार? झाकण उघडून बघा, आत एक गोल सेल आहे का?"

झाकण उघडलं. सेलची जागा मोकळी. हाल्याकाका दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "गोल म्हणजे, नाण्यासारखा? चकचकीत?"

"होय काका. तुम्ही पाहिलात?"

"पाहिला काय, मीच काढला! मला वाटलं शुभाचं नाणं हाय. आरं देवा!" काकांनी तसबिरीमागे हात घातला. लाल फडकं सोडलं. तांदळात, कुंकू लागलेला, माझा सेल सुखाने पडला होता. काकांचा चेहरा एवढासा झाला. जयमालाताईंना मात्र हसू फुटलं. "काका, तुम्ही याची वेळच देवाजवळ ठेवलीत की! बरं झालं, तांदळात कोरडा तरी राहिला." मग लाडकीही हसली, आवाज न करता.

सेल आत बसला. ताईंनी त्यांच्या नावाने मला उघडलं, ललितने अडीनडीसाठी ठेवलेल्या त्याच नावाने, आणि आजची तारीख घातली.

मित्रांनो, तो क्षण मला कसा सांगता येईल? वापीचं दुकान विरलं. सगळी वर्षं एकदम माझ्यात परत आली, पोरं, होळ्या, उन्हाळे, दुपारी गाणारी लाडकी. जानीने पुन्हा नाव लिहिलं आणि बोट कळेवर ठेवलं. मी विचारलं, "ही जानी. आपली का?"

"होय. आपलीच."

आणि खोलीत लाडकीचा आवाज भरला. जुना, अख्खा आवाज. हाल्याकाकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून लाडकीने आपला तो आवाज ऐकलाच नव्हता. ती भिंतीला टेकून खाली बसली, तोंडावर पदर धरला आणि रडली. जानी थांबवायला गेली, तर तिने हातानेच खूण केली, चालू दे. मग ती उठली, लेकीशेजारी येऊन बसली. माझ्यातून तिचाच आवाज येत होता आणि ती ओठ हलवत, बोटाने हवेत तो वळण घेणारा सूर काढून दाखवत होती. इथे वर जायचं, इथे सोडायचं. जानी तिच्या बोटाकडे बघत गायला लागली. एकदा चुकली. पुन्हा चुकली. मग सूर वळला, अगदी तसाच. लाडकीने माझ्या आवाजाचं बटण हळूहळू कमी केलं, आणि जानीला कळलंच नाही की आता ती एकटीच गातेय.

काळ्याला निरोप गेला, सायवनहून कुणाला आणायची गरज नाही.

मित्रांनो, मी आता थकलोय. मला रोज चालू करा असं मी म्हणणार नाही. पण जुन्या वस्तूंना पुसताना, पूजताना, त्यांच्या आत कोण जागं आहे ते विचारून घ्या. आणि तुमच्या घरातही कुणी आजोबा असतील, एखाद्या सकाळी जुन्या काळात जागे होणारे, तुमच्याकडे बघून "तू कोण रे?" विचारणारे. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी तुमचं नाव पुसलेलं नसतं. त्यांच्याजवळ बसा, आज कोणता वार आहे, बाहेर कसलं ऊन पडलंय ते सांगा, आणि मग हळूच आपलं नाव सांगा. दार उघडायला वेळ लागेल. तोवर बोट कळेवर ठेवून थांबा, जानी थांबते तसं.

दुसऱ्या दिवशी हाल्याकाकांनी माझ्याजवळची खिडकी उघडी ठेवली होती. पाड्याकडून गाणं येत होतं. पाठवणीचं, शेवटचं. तो आवाज कुणाचा, हे मी डहाणूला विचारलं नाही.